कबूस ओळखायचा तर आधी उलटा करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत एका घरातलं जुनं सामान विकायला काढलं होतं, तिथे लायोनेल या अमेरिकन कंपनीच्या खेळण्यातल्या आगगाडीचे तीन कबूस, म्हणजे मालगाडीचे शेवटचे डबे, एकगठ्ठा मिळाले. एक लाल, त्यावर ‘एसपी’ आणि ६२५७. दुसरा तपकिरी, गोल खिडक्यांचा, त्यावर ‘पेनसिल्व्हेनिया’ आणि ५३६४१७. तिसरा पत्र्याचा, त्यावर ४७७६१८, आणि हा आकडा लायोनेलच्या कुठल्याच यादीत सापडत नाही. हे कधीचे? अस्सल आहेत की कुणी रंगवलेत? किंमत काय येईल? आणि आता गोडी लागलीच आहे तर पुढे काय घ्यावं?

आधी नेमकं उत्तर देतो. लाल ६२५७ हा १९४८ ते १९५६ या काळातला. गोल खिडक्यांच्या डब्याचा कॅटलॉगमधला क्रमांक ६४१७ आणि काळ १९५३ ते १९५७. पत्र्याचा डबा २४५७ असेल किंवा त्याचाच बिनदिव्याचा भाऊ २४७२, म्हणजे युद्ध संपल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतला. पैशाच्या हिशेबाने हे घबाड नाही. पण एकाच कंपनीने दहा वर्षांत तीन वेगळ्या पद्धतींनी केलेले कबूस तुमच्या पदरात पडलेत आणि शिकायला याहून चांगली सुरुवात शोधूनही मिळाली नसती.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी सांगतो, कबूस म्हणजे अमेरिकन मालगाडीचा गार्डाचा डबा. त्यात कंडक्टर मालाची कागदपत्रं सांभाळायचा आणि ब्रेकमन पुढच्या डब्यांवर नजर ठेवायचा: कुठे चाकाचा आस तापून धूर येतोय का, कुठे काही लोंबतंय का. वरून सगळी गाडी दिसावी म्हणून टपावर खिडक्यांची छोटी खोली असे, तिला क्युपोला म्हणतात. पुढे मालडबेच इतके उंच झाले की क्युपोलातून दिसेनासं झालं, तेव्हा काही रेल्वे कंपन्यांनी डब्याच्या बाजूलाच बाहेर आलेली खिडकी काढली. तो बे विंडो कबूस. १९८०च्या दशकात शेवटच्या डब्याला लावायचं इलेक्ट्रॉनिक यंत्र सर्रास आलं आणि अमेरिकेतल्या रुळांवरून कबूस जवळजवळ नाहीसे झाले.

खेळण्यांच्या बाबतीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण सगळ्या किमती तिच्यावर ठरतात. मालगाडीचा संच म्हटला की त्याच्या शेवटी कबूस आलाच. टाकीचा डबा असेल नसेल, जनावरांचा डबा असेल नसेल, पण कबूस हवाच. म्हणून लायोनेलने ते अमाप बनवले आणि आज कुठल्याही जुन्या गाड्यांच्या बाजारात टेबलाखालच्या खोक्यात ते भरलेले असतात. साधा तपकिरी ६०१७ घासाघीस न करताही दहा-पंधरा डॉलरच्या आसपास मिळून जातो. तरीही काही कबूस असे आहेत की त्यांच्यासाठी संग्राहक वर्षानुवर्षं थांबतात. दोन्हींची बॉडी एकाच साच्यातून निघालेली असते. फरक असतो रंगात, अक्षरांत, खालच्या चाकांत. तो फरक ओळखता आला की पुढचं सगळं सोपं.

म्हणून माझं पहिलं सांगणं: कबूस हातात आला की बाजूचा आकडा वाचू नका, आधी उलटा करा.

खाली दिसतात ते दोन ट्रक, म्हणजे आपल्याकडे रेल्वेवाले ज्याला बोगी म्हणतात ती चाकांची चौकट. लायोनेलने वरचे साचे दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं वापरले, पण ट्रक आणि कपलर, म्हणजे डबे एकमेकांना जोडणारी कडी, मात्र कंपनी सारखे सुधारत राहिली. त्यामुळे डबा कधी बनला हे बाजूच्या अक्षरांपेक्षा खालच्या लोखंडावरून जास्त नेमकं कळतं. १९४२ मध्ये युद्धामुळे गाड्यांचं उत्पादन थांबलं. त्याआधीचे डबे लॅच किंवा बॉक्स कपलरचे, म्हणजे हूक आणि खाच अशा धाटणीचे. १९४५ मध्ये उत्पादन परत सुरू झालं तेव्हा खऱ्या रेल्वेसारखा, मुठीच्या आकाराचा ‘नकल’ (इंग्रजीत बोटाचं पेर) कपलर आला. तो विजेवर उघडायचा. ट्रकच्या पोटाशी तांब्याच्या तारेची छोटी गुंडाळी आणि रुळाला घासत जाणारी पत्र्याची पट्टी दिसली की तो कॉइल कपलर समजा. तुमच्या पत्र्याच्या डब्याखाली हेच असायला हवं. चाकांची आतली बाजूही बघा. १९४५च्या अगदी सुरुवातीच्या चाकांच्या आत भोवऱ्यासारख्या फिरत गेलेल्या रेषा असतात आणि त्यांचे आस नेहमीपेक्षा जाड असतात. युद्ध संपल्यावर पहिल्या नाताळसाठी लायोनेलने एकच संच काढला, क्रमांक ४६३डब्ल्यू, आणि त्याच्या शेवटी हाच २४५७ कबूस होता. तुमच्या डब्याखाली ती रेषांची चाकं निघाली तर त्या काळाचा तुकडा तुमच्या हातात आहे.

१९४८च्या सुमारास गुंडाळी गेली आणि चुंबकाने उघडणारा कपलर आला. आता वीज रुळातल्या चुंबकाला, डब्याखाली नुसती एक गोल चकती खाली ओढली जाते आणि मूठ उघडते. याच वेळी लायोनेलने आकड्यांची पद्धतही बदलली. गुंडाळीच्या कपलरचे डबे २ने सुरू व्हायचे, चुंबकाचे ६ने. २२५७ आणि ६२५७ हे एकाच बॉडीचे दोन अवतार, २३५७ आणि ६३५७ही तसेच. ४ने सुरू होणारा आकडा दिसला, उदाहरणार्थ ४४५७ किंवा ४३५७, तर तो इलेक्ट्रॉनिक कंट्रोलचा. १९४६ ते १९४९ मध्ये रेडिओ लहरींवर चालणारा एक महागडा संच लायोनेलने काढला होता, त्याचा तो कबूस. असे डबे हाती लागले की खालचा रिसीव्हर जागेवर आहे का ते बघायचं. बहुतेक वेळा कुणीतरी तो काढून टाकलेला असतो.

चुंबकाच्या ट्रकमध्येही पायऱ्या आहेत. १९५१च्या आसपासपर्यंतच्या ट्रकमध्ये आडव्या पट्टीचं टोक बाजूच्या चौकटीत स्टेपलच्या पिनेसारखं वळवलेलं दिसतं. त्यानंतरच्यांत ती पट्टी आरपार जाते आणि टोकाला चपटी दिसते. संग्राहक यांना स्टेपल-एंड आणि बार-एंड म्हणतात. १९५५ पासून बार-एंड ट्रकच्या चकतीला बाजूला एक छोटी जीभ आली, ती बोटाने दाबून कपलर उघडता येतो. १९५७ मध्ये प्लास्टिकच्या चौकटीचे, टिमकेन अक्षरं असलेले ट्रक आले. साठच्या दशकात स्वस्त संचांना तर न उघडणारे, नुसते ओतीव प्लास्टिकचे कपलर लावले जायला लागले. एवढी क्रमवारी डोक्यात बसली की डबा उलटा केल्याबरोबर दोन-तीन वर्षांच्या अंतराने काळ सांगता येतो.

आता हे तुमच्या तपकिरी ६४१७ला लावून बघू. तो १९५३ मध्ये आला, म्हणून खाली बार-एंड ट्रक हवेत. जीभ नसेल तर डबा सुरुवातीच्या दोन वर्षांतला, असेल तर नंतरचा. कपलर दोन्ही टोकांना हवेत. हाच साचा लायोनेलने ६४२७ म्हणूनही विकला, त्याला कपलर एकाच टोकाला असतो. तुमच्या डब्याखाली सुईसारख्या टोकाच्या आसांवर फिरणारी चाकं आणि सगळंच प्लास्टिक दिसलं, तर ट्रक बदललेत. तशी चाकं १९७० नंतरची. तेव्हा लायोनेलचं नाव जनरल मिल्स या धान्य-पिठाच्या कंपनीकडे गेलं होतं आणि तिने जुन्याच साच्यांतून नवे डबे काढले. त्यातला ९१६२ हा पेनसिल्व्हेनियाचाच, त्याच गोल खिडक्यांचा, त्याच रंगाच्या कुळातला आहे. नवखे लोक त्याला १९५०च्या दशकातला समजून पैसे मोजतात. चांगला डबा आहे तो, चालवायला तर उत्तम. पण तो ६४१७ नव्हे.

ट्रक बदललेत का हे रिव्हेटवरूनही कळतं. सत्तर वर्षांच्या रिव्हेटवर मळ आणि काळपटपणा चढतो, तो सगळीकडे सारखा असतो. एक रिव्हेट लखलखीत आणि दुसरा काळा, किंवा रिव्हेटच्या जागी स्क्रू आणि नट, म्हणजे कुणीतरी तिथे हात घातलाय. दोन टोकांना दोन वेगळ्या काळांचे ट्रक असणं ही तर रोजची गोष्ट. मुलं खेळताना डबे पाडायची, तुटायचे, दुकानदार हाताशी असेल तो ट्रक लावून द्यायचा. खेळण्याचं आयुष्य असंच असतं आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. फक्त किंमत त्या हिशेबाने मोजायची.

खालचं बघून झालं की मग आकडे. ५३६४१७ मधले पहिले दोन अंक म्हणजे साल, १९५३. उरलेले चार कॅटलॉग क्रमांक. लायोनेलने ही युक्ती आणखी काही डब्यांवर केली. नॉर्फोक अँड वेस्टर्नच्या कामाच्या कबूसवर ५७६४१९ असतं आणि मुलींच्या संचातल्या कबूसवर ५७६४२७. ६४२७च्या ‘लायोनेल लाइन्स’ प्रकारावर ६४२७३ असतं. म्हणून यादीत शोधताना सहा आकडी संख्या तशीच टाकू नका, तिच्या पोटातले चार अंक शोधा. ४७७६१८ची गोष्ट वेगळी आहे. तो पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या खऱ्या एन५ कबूसच्या धर्तीवर छापलेला आकडा. लायोनेलचा स्वतःचा क्रमांक या डब्याच्या पोटावर रबरी शिक्क्याने उमटवलेला असतो आणि बहुतेकांचा तो पुसट झालेला असतो. तिरप्या उजेडात, भिंग घेऊन बघा. २४५७ असेल तर आत दिवा असतो आणि एका ट्रकला तीन रुळांपैकी मधल्या रुळावरून वीज घेणारा रोलर असतो. दिव्याची सोयच नसेल तर २४७२.

६४१७च्या बाजूला आणखी एक बारीक जागा आहे. ‘पेनसिल्व्हेनिया’ या नावाखाली ‘न्यूयॉर्क झोन’ असे दोन शब्द छापलेले आहेत का? बहुतेकांवर असतात. तुमच्या डब्यावर ते नसतील आणि ती जागा खरडलेली, घासलेली वाटत नसेल, तर कमी सापडणारा प्रकार तुमच्याकडे आहे. मला हा डबा मनापासून आवडतो. पेनसिल्व्हेनियाने १९४२ मध्ये आपल्या अल्टूनाच्या कारखान्यात खरे एन५सी कबूस २०० बनवले, जहाजासारख्या गोल खिडक्यांचे. लायोनेलने त्यांचं रूप फार निष्ठेने पकडलंय. टपाची गोलाई, क्युपोलाचा बसका आकार, टोकाच्या जिन्याची जाळी, सगळं जागच्या जागी. खेळणं असूनही त्यात खऱ्या डब्याचं वजन जाणवतं.

आता अस्सल की रंगवलेला. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, आणि कबूसच्या बाजारात हे अक्षरशः खरं आहे, कारण दहा डॉलरच्या डब्याला रंग देऊन शेकडो डॉलरचा करता येतो. सगळ्यात जास्त खोटे डबे ‘लेडी लायोनेल’ संचाच्या कबूसचे असतात. १९५७ मध्ये लायोनेलने मुलींसाठी म्हणून गुलाबी इंजिनाचा आणि फिक्या रंगाच्या डब्यांचा एक संच काढला. तो चालला नाही. मुलींना गाडी हवी होती ती गाडीसारखी दिसणारी. न विकला गेल्यामुळेच तो आज दुर्मीळ आहे आणि त्याचा आकाशी रंगाचा कबूस, ६४२७-५००, नकलाकारांचा लाडका. साचा तर साध्या ६४१७चाच, फक्त रंग आणि अक्षरं बदलली की झालं. व्हर्जिनियन रेल्वेचा निळा ६४२७-६० आणि लीहाय व्हॅलीचा तपकिरी ६४१७-५० यांच्या बाबतीतही ताक फुंकून प्यावं. लीहाय व्हॅलीचा नेहमीचा डबा राखाडी असतो, तपकिरी अगदी थोडे.

तपासायचं कसं? दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि एका अक्षराच्या कडेवर ते धरा. लायोनेलने १९५०च्या दशकातल्या प्लास्टिकच्या डब्यांवरची बहुतेक अक्षरं तापलेल्या ठशाने दाबून उमटवली. त्यामुळे अक्षर पृष्ठभागात किंचित रुतलेलं असतं, कडेला प्लास्टिकचा अगदी बारीक उंचवटा असतो आणि तिरप्या उजेडात त्याची सावली पडते. नंतर छापलेलं किंवा चिकटवलेलं अक्षर पृष्ठभागावर तरंगतं, त्याला खोली नसते. आता गंमत बघा. डबा नव्याने रंगवला तरी जुन्या ठशाच्या खुणा रंगाखाली राहतात. नव्या ‘व्हर्जिनियन’ नावामागे ‘पेनसिल्व्हेनिया’च्या अक्षरांची सावली दिसली की प्रश्न मिटला. ती खूण घालवायला कुणी पृष्ठभाग घासला असेल, तर तिथे फळ्यांच्या किंवा रिव्हेटांच्या बारीक रेषा बोथट झालेल्या असतात. शेजारच्या भागाशी ताडून बघा.

मग आत बघा. खिडक्यांतून टॉर्च मारा. कारखान्यातला रंग बाहेरून फवारलेला, आत जेमतेम कडांवर उडालेला असतो. आतल्या बाजूला बॉडीच्या मूळ प्लास्टिकचा रंग दिसतो आणि तो बाहेरच्या रंगापेक्षा वेगळा असणं नेहमीचंच आहे, त्याने घाबरू नका. पण खिडकीच्या चौकटीत रंगाचे थेंब, टपाच्या आत दाट थर, स्क्रूच्या खाचेत रंग, असं काही दिसलं तर पैसे खिशातच राहू द्या. आणखी एक जात आहे, रसायनात बुडवून रंग पालटलेल्या डब्यांची. ‘असा रंग कधी पाहिला नव्हता’ असं कुणी म्हणायला लागलं की मी अशा डब्याचा आतला भाग आणि ठशाखालची जागा बघतो. रसायन सगळीकडे सारखं पोचत नाही.

दिव्याच्या कबूसचं टप नक्की तपासा. मालकाने जास्त वॉटचा बल्ब लावला आणि गाडी तासन्‌तास चालली, तर टपाला आतून फोड येतो किंवा ते वितळून खचतं. ६४१७ आणि ६३५७मध्ये हे वारंवार आढळतं. फोटोत दिसत नाही, बोट फिरवलं की कळतं.

लाल ६२५७बद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही, पण त्याला कमी लेखू नका. सदर्न पॅसिफिकच्या कबूसवरून केलेला हा साचा, म्हणून सगळे त्याला एसपी-टाइप म्हणतात. लायोनेलचं घर या एका साच्यावर चाललं असं म्हणायला हरकत नाही. ६२५७ दिव्याविना. त्याचा श्रीमंत भाऊ ६४५७ किंवा ६३५७ घेतला की दिवा येतो, चिमणी येते. १९५८ मध्ये ६५५७ आला, त्याच्या चिमणीतून खरोखरचा धूर निघतो आणि तो दोनच वर्षं कॅटलॉगमध्ये राहिला. १९४८ पासूनच्या स्काउट या स्वस्त संचातला १००७ दिसायला असाच, पण त्याचा कपलर वेगळ्या जातीचा, बाकी डब्यांना जोडला जात नाही. घेताना बघून घ्या, नाहीतर घरी येऊन चुटपुट लागते.

पुढे काय घ्यावं हा तुमचा शेवटचा प्रश्न, आणि इथे माझं मत ठाम आहे. सगळे कबूस गोळा करायला जाऊ नका. एक कुटुंब धरा. माझ्या मते नवशिक्याने ६०१७चं कुटुंब धरावं. साचा एकच, पण १९५१ ते १९६२ या काळात त्याने काय काय कपडे घातले बघा: साधा तपकिरी, १९५८चा मरीन कोअरचा गडद निळा, बोस्टन अँड मेनचा निळा, सांता फेचा राखाडी आणि नंतर लाल, १९६०चा नौदलाचा फिका निळा. शेजारी अलास्काचा ६०२७ ठेवला, १९५९चा, म्हणजे अलास्का राज्य झालं त्याच वर्षाचा, की एका फळीवर त्या दशकाची अमेरिका उभी राहते. शीतयुद्ध सुरू होतं, मुलांना क्षेपणास्त्रं हवी होती, म्हणून कबूसलाही सैन्याचे रंग आले. यातले बरेचसे अजून परवडणाऱ्या भावात मिळतात आणि प्रत्येकात रंगाच्या छटा, ट्रकचे प्रकार असे शोधायला धागे आहेत.

दुसरं कुटुंब कामाच्या कबूसचं, म्हणजे सपाट डब्यावर एका बाजूला छोटी केबिन आणि उरलेल्या जागेत अवजारांच्या पेट्या. त्यातला ६४१९ घ्या आणि ६११९ घ्या, दोन्ही हातात धरा. ६४१९चा तळ ओतीव धातूचा, भरभक्कम. ६११९चा पत्र्याचा. १९५५पासून लायोनेलचा हात कसा आखडता होत गेला हे मनगटाला कळतं. याच कुटुंबातला ६८१४ हा १९५९ ते १९६१ मधला पांढरा, लाल क्रॉसचा प्रथमोपचाराचा डबा माझ्या फार जवळचा आहे. त्यासोबत स्ट्रेचर, प्राणवायूची टाकी आणि एक माणूस यायचा. हे बारके तुकडे कुणाच्याही घरी टिकले नाहीत, त्यामुळे आज डब्यासोबत दिसतात ते बहुतेक नव्याने केलेले. विचारायला लाजू नका: स्ट्रेचर मूळचे आहेत का? प्रामाणिक विक्रेता सांगतो. आणि पांढरं प्लास्टिक पिवळं पडलेलं नसलेला ६८१४ दिसला तर फार विचार करू नका.

बे विंडोचा ६५१७, १९५५ ते १९५९, एकदा तरी घ्यावा. त्याच्या अक्षरांखाली रेघ असलेला आणि नसलेला असे दोन प्रकार आहेत, दोन्ही बघून ठेवा. त्याच साच्यातला ईरी रेल्वेचा १९६६चा डबा मात्र महाग, आणि त्याच्याही नकला आहेत.

लायोनेलबाहेरही जग आहे. अमेरिकन फ्लायर ही न्यू हेवनच्या ए. सी. गिल्बर्ट कंपनीची गाडी. युद्धानंतर ती दोन रुळांवर, १:६४ प्रमाणात आली, त्यामुळे तिचे कबूस लायोनेलच्या तीन रुळांच्या ओ गेजवर चालणार नाहीत. पण त्यांचा ९७७ बघाच. गाडी थांबली की ब्रेकमन दाराबाहेर येतो. मार्क्स कंपनी पेनसिल्व्हेनियातल्या जिरार्डला पत्र्यावर छापलेले सहा इंची कबूस करायची. त्यांच्यावरची छपाई कमालीची सुंदर आहे आणि आजही ते स्वस्त आहेत. मार्क्सकडे लोक उगाच नाक मुरडतात असं माझं स्पष्ट मत आहे.

युद्धापूर्वीचे मोठ्या स्टँडर्ड गेजचे कबूस, २१७ किंवा ५१७, हे पत्र्याचे, पितळी पट्ट्यांचे, डोळ्यांचं पारणं फेडणारे. ते घेताना एक रोग ओळखता आला पाहिजे. त्या काळच्या जस्ताच्या ओतीव भागांत शिसं-कथिलाची भेसळ राहून गेली की धातू आतूनच फुगतो, त्याला केसासारख्या भेगा जातात आणि शेवटी हातात भुगा येतो. याला ‘झिंक पेस्ट’, म्हणजे जस्ताची कीड, म्हणतात आणि त्यावर औषध नाही. चाकांच्या कडा वाकड्या, फुगलेल्या दिसल्या तर फक्त चाकं बदलायच्या खर्चाचा हिशेब करून मग बोला.

अवस्था सांगायला इथे ट्रेन कलेक्टर्स असोसिएशनची श्रेणी वापरतात. ही संस्था १९५४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या यार्डलीला सुरू झाली. सी-१० म्हणजे कारखान्यातून आल्यासारखा, सी-८ जवळजवळ नवा, सी-७ उत्कृष्ट, सी-६ बराच चांगला, सी-५ ठीक. खोक्याला वेगळी पी श्रेणी. माझा सल्ला: नेहमीचे डबे सी-७च्या खाली घेऊ नका, कारण चांगले मुबलक मिळतात. दुर्मीळ डबा मात्र सी-६ असला तरी, मूळ रंगाचा असेल तर, घ्यावा. खोक्याच्या मोहात पडू नका. नारिंगी-निळ्या खोक्यांच्याही नव्या प्रती छापल्या जातात. जुना पुठ्ठा आतून करडा-तपकिरी, घड्यांवर मऊ पडलेला असतो आणि त्याला जुन्या कपाटाचा वास असतो.

तुम्ही न्यू जर्सीतच आहात तर तुमच्यासारखं नशीब कुणाचं नाही. लायोनेलचा कारखाना तुमच्याच राज्यात, अर्व्हिंग्टन-हिलसाइडला होता, त्यामुळे तिथल्या जुन्या घरांच्या माळ्यांवर अजून माल निघतो. आणि दरवर्षी एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कला जुन्या गाड्यांचा मोठा मेळावा भरतो, तिथे एकदा जाच. पहिल्या फेरीत काही विकत घेऊ नका. डबे हातात घ्या, उलटे करा, विक्रेत्याला विचारा. तिथले म्हातारे संग्राहक शिकवायला उत्सुक असतात. ऑनलाइन घेताना मागितलेली किंमत बघू नका, प्रत्यक्षात विकल्या गेलेल्यांची बघा. गेल्या काही वर्षांत साध्या डब्यांचे भाव उतरलेत. लहानपणी या गाड्या खेळलेली पिढी म्हातारी झाली आणि घरं रिकामी होतायत. गोळा करणाऱ्याला हा काळ चांगला आहे, गुंतवणूक म्हणून घेणाऱ्याला नाही.

पुण्या-मुंबईला गाडी घेऊन जायचा कुणाचा विचार असेल तर एक तांत्रिक गोष्ट. लायोनेलचे जुने ट्रान्सफॉर्मर ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झचे. भारतात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावलात तरी ५० हर्ट्झवर जुना ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो, म्हणून तासभर सलग चालवू नका आणि कापडी वेष्टनाची तडकलेली वायर आधी बदला. छोट्या गाड्यांचं वेड तिकडेही आहे. कोथरूडचं जोशींचं लघुरेल संग्रहालय बघितलं नसेल तर पुढच्या सुट्टीत मुलांना घेऊन जा.

आता तुमचे तीन डबे. प्लास्टिकचे दोन कोमट पाणी, एक थेंब भांड्यांचा साबण आणि मऊ ब्रशने धुवा. बॉडी आधी सुटी करा, ट्रकला पाणी लागू देऊ नका. अक्षरांवर ब्रश फिरवू नका, नुसतं पाणी वाहू द्या. स्पिरिट, नेलपॉलिश काढायचं द्रव, पॉलिश यांतलं काहीही नको. पत्र्याचा डबा पाण्यात घालूच नका. ओलसर मऊ फडक्याने पुसा आणि पोटावरच्या शिक्क्याला तर फडकंही लावू नका, तो एका पुसण्यात जातो. साफ झाल्यावर प्लास्टिकच्या पिशवीत किंवा फोममध्ये गुंडाळून ठेवू नका, दोन्हींमुळे रंगावर डाग पडतात. साधा आम्लरहित कागद, तळघराऐवजी घरातलं कपाट आणि थेट ऊन न येणारी जागा पुरते.

आणि २४५७ किंवा २४७२ नक्की करायचं असेल तर फोटो काढण्याआधी डबा उलटा ठेवून एका बाजूने टॉर्च मारा आणि चार फोटो पाठवा: पोटावरचा शिक्का, दोन्ही ट्रकची आतली बाजू, चाकांचा जवळून एक. समोरून काढलेल्या देखण्या फोटोचा मला यात काही उपयोग नाही.